एका वर्षात दोन दवाखाने: खासगी आरोग्य विमा आणि जन आरोग्य योजना यांचे परीक्षण

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, आमच्या घरातल्या दोघांना दवाखान्यात दाखल करावे लागले. फेब्रुवारीत माझ्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचे बिल एका खासगी कंपनीच्या विम्यातून भागवायचे होते. ऑगस्टमध्ये, पोळा आठवड्यावर आला असताना, थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्यावरचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. मी उदगीरला शाळेत शिकवतो आणि अण्णा अहमदपूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती पाहतात. एकाच कुटुंबाने सहा महिन्यांच्या अंतराने या दोन्ही सेवा वापरल्या, म्हणून त्यांचे परीक्षण एकत्र लिहावेसे वाटले. आरोग्य, कर आणि सरकारी लाभ यांवर मोंढ्यात आणि शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा होते, तिच्यात प्रत्यक्ष बिलाचा कागद फारसा कोणी समोर ठेवत नाही. इथे तो ठेवतो.

आधी खासगी विम्याविषयी. मी, पत्नी आणि दोन मुले अशा चौघांसाठी ३ लाख रुपयांचे एकत्रित संरक्षण देणारी ही पॉलिसी मी नोव्हेंबर २०१६ मध्ये घेतली. त्या वेळी मूळ हप्ता ९,८०० रुपये होता आणि त्यावर १५ टक्के सेवाकर लागत असे. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि कराचा दर १८ टक्के झाला. नोव्हेंबर २०२४ च्या नूतनीकरणाला मूळ हप्ता २४,००० आणि त्यावरचा कर ४,३२० असे मिळून २८,३२० रुपये मी भरले. या आठ वर्षांत आम्ही एकही दावा केला नव्हता. हप्ता वाढत गेला तो आमचे वय वाढले आणि कंपनीने वेळोवेळी दर बदलले म्हणून. विम्याची रक्कम मात्र ३ लाखांवरच राहिली, हा माझाही आळस होता, कारण दरवर्षी एजंटाचा फोन आला की मी हप्ता भरून मोकळा होत असे आणि अटींची पुस्तिका कपाटात तशीच राहत असे.

त्या पुस्तिकेतली एक अट फेब्रुवारीत आम्हाला महागात पडली. खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या १ टक्क्यापर्यंतच, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंतच मिळेल, असे तीत लिहिलेले होते. रुग्णालयात त्या दिवशी ५,००० रुपये भाड्याची खोलीच उपलब्ध होती आणि वरचे दोन हजार आपण भरू, अशा समजुतीने आम्ही ती घेतली. कपात केवळ भाड्यात होत नाही, हे मला बिल हाती आल्यावर कळले. ठरलेल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की शल्यचिकित्सकाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार आणि शुश्रूषेचा खर्च हेही त्याच प्रमाणात कमी करून दिले जातात. ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के, म्हणून त्या सर्व बाबींचे ६० टक्केच कंपनीने दिले.

एकूण बिल ८६,००० रुपयांचे होते. त्यातल्या खोलीभाड्याच्या १५,००० पैकी ९,००० मंजूर झाले, शल्यचिकित्सक, भूल, शस्त्रक्रियागृह वगैरेंच्या ४६,००० पैकी २७,६०० मंजूर झाले आणि औषधे व तपासण्यांचे १८,००० पूर्ण मिळाले. हातमोजे, मास्क, नोंदणी अशा ‘अदेय’ ठरलेल्या ७,००० रुपयांतला एक रुपयाही मिळाला नाही. मंजूर झाले ५४,६०० आणि खिशातून गेले ३१,४००. औषधे आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून वाचल्या, कारण विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये औषधे, रोपणाची साधने आणि निदान चाचण्या यांना ही कपात लावता येणार नाही असे स्पष्ट केले होते. नियामकाचे ते कलम नसते, तर आणखी ७,२०० रुपये गेले असते. नियमाचा असा प्रत्यक्ष रुपयांतला उपयोग क्वचित दिसतो, म्हणून तो नोंदवत आहे.

घरी सोडण्याच्या दिवशीचा अनुभव अधिक त्रासाचा होता. डॉक्टरांनी सकाळी ११ वाजता घरी जायला सांगितले आणि कंपनीची अंतिम मंजुरी रात्री ८ वाजता आली. प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दाखल होतानाची मंजुरी एका तासात आणि सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत दिली पाहिजे, आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसला पाहिजे. मला हा नियम त्या दिवशी माहीत नव्हता. टाके ओले असताना नऊ तास बाकावर बसून राहिलेल्या बाईला तो माहीत असण्याची अपेक्षाही कोणी करू नये. तिथल्या कारकुनाला, विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या प्रतिनिधीला आणि विमा कंपनीच्या मदतकेंद्राला तो नक्की माहीत असणार, आणि तिघांपैकी एकानेही तो सांगितला नाही.

आता जन आरोग्य योजनेविषयी. ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत मराठवाड्यातला नांदेड जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी असलेल्या या योजनेत पुढे १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही सातबाऱ्याच्या आधारे सामावून घेतले गेले. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्या १४ मध्ये होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची रक्कम कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट उठली. त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की आमच्या अण्णांची शिधापत्रिका पांढरी आहे आणि ‘पांढऱ्यावाल्याला काही मिळत नसतंय’ हे त्यांनी वर्षानुवर्षे खरे मानले होते. वास्तविक ते आधीपासूनच पात्र होते.

रात्री साडेदहाला पुतण्याने त्यांना लातूरच्या एका खासगी, पण योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयात नेले. खिडकीवर ३०,००० रुपये अनामत मागण्यात आली. पुतण्याकडे ९,००० होते, ते त्याने अँजिओग्राफीसाठी भरले आणि मला फोन केला. योजनेने रुग्णांच्या मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राचे टेबल रात्री रिकामे होते. मी उदगीरहून १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर बोललो. तातडीच्या रुग्णाला दूरध्वनीवरून पूर्वसूचना देऊन उपचार सुरू करता येतात आणि कागदपत्रे नंतर जोडता येतात, असे त्यांनी सांगितले. तेच वाक्य पुतण्याने खिडकीवर जाऊन म्हटले आणि उरलेली अनामत न भरता अण्णांना आत घेतले गेले. मध्यरात्रीनंतर एक स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला. सकाळी आरोग्यमित्र आला, त्याने शिधापत्रिका आणि आधार तपासून कागद संगणकावर चढवले, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत आमच्याकडे कोणीही पैसे मागितले नाहीत. हा तरुण मुलगा दिवसातून दोनदा खाटेपाशी येऊन जेवण मिळाले का, औषध बाहेरून आणायला सांगितले का, असे विचारत असे. खासगी विम्याच्या नऊ वर्षांत असे विचारणारा माणूस मला भेटला नाही. दोन्ही सेवांतले एक काहीतरी निवडून कौतुक करायचे असेल, तर मी आरोग्यमित्र ही व्यवस्था निवडीन.

चौथ्या दिवशी निघताना मी अण्णांना म्हणालो की ते ९,००० परत मागू, कारण निदानाच्या तपासण्याही योजनेच्या उपचारसंचात, म्हणजे पॅकेजमध्ये, धरलेल्या असतात. अण्णांचे उत्तर असे होते: ‘‘अरे, जीव वाचला. फुकटचं हाय म्हणल्यावर मागायचं कुठल्या तोंडानं?’’

मला हे परीक्षण लिहावेसे वाटले ते या वाक्यामुळे. अण्णांना मिळालेली सेवा फुकट नव्हती. तिचे पैसे आधीच भरलेले आहेत आणि भरणाऱ्यांत अण्णा आहेत. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून शेतकरी कर भरत नाही, असा समज शहरात पक्का आहे आणि खेड्यानेही तो स्वतःबद्दल स्वीकारला आहे. परंतु सोयाबीनवर फवारायच्या रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर आहे, खतावर ५ टक्के आहे, आणि ट्रॅक्टरमध्ये ओतल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटर डिझेलमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. व्यापारी आपण भरलेल्या वस्तू आणि सेवा कराची वजावट घेऊ शकतो, शेतकरी घेऊ शकत नाही, कारण आपण पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याची या करात नोंदणीच नसते. तो या कराचा शेवटचा भरणारा असतो. मी शिक्षक म्हणून भरतो त्या प्राप्तिकराची पावती मला मिळते, अण्णा भरतात त्या कराची पावती डिझेलच्या आणि औषधाच्या बिलात विरून जाते, एवढाच दोघांत फरक आहे.

माझ्या पगारातून व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात, तेव्हा मला आमच्या वडिलांची आठवण होते. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि तिथे मिळणाऱ्या सुकडीवर घर जगले होते. पुढे रोजगार हमीला पैसा कमी पडू नये म्हणून राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला, म्हणजे ज्यांना पगार आहे त्यांच्याकडून घेऊन ज्यांना काम नाही त्यांना काम द्यायचे. त्या कराबद्दल मी कधी कुरकूर केली नाही. याच वडिलांच्या हृदयावर २००९ मध्ये सोलापुरात शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा ना ही योजना होती ना आमच्याकडे विमा होता, आणि विहिरीजवळचे एक एकर रान विकावे लागले. ते रान आजही दुसऱ्याच्या नावावर आहे आणि अण्णा बांधावरून जाताना तिकडे पाहत नाहीत. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमचे सगळे सोयाबीन पाण्यात गेले. अँजिओप्लास्टीचे पैसे ऑगस्टमध्ये आडत्याकडून उचलले असते, तर दिवाळीला दुसरे एकर गेले असते, हा अंदाज नसून आमच्या घराचा हिशेब आहे.

म्हणून मी या योजनेचे परीक्षण दान घेणाऱ्याच्या भावनेने न करता पैसे भरलेल्या ग्राहकाच्या हक्काने करतो, आणि त्या दृष्टीने तिच्यात उणिवा आहेत. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की ती रुग्णालयात दाखल झालेल्यालाच मदत करते. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे तिच्यात आहेत. अकराव्या दिवसापासून रक्त पातळ ठेवण्याच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या अण्णांनी स्वतः घ्यायच्या आहेत, आणि त्या आयुष्यभराच्या आहेत. पहिल्या महिन्यात त्यांना १,१०० रुपये लागले, पुढच्या महिन्यापासून जनऔषधी केंद्रातून तीच औषधे घेतल्यावर खर्च ४०० वर आला. तरीही रोजगारावर जाणाऱ्या माणसाने गोळ्या मध्येच सोडल्या आणि दुसरा झटका आला, तर योजना दुसऱ्या स्टेंटचे पैसे देईल, पण तो टाळणाऱ्या गोळीचे देणार नाही. खासगी विम्याचीही हीच रीत आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांच्या थेट खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे. २०२१-२२ मध्येच सरकारचा आरोग्यावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत तो २.५ टक्के करण्याचे लिहिलेले होते. मधली ती तूट अण्णांच्या ४०० रुपयांत दिसते.

दुसरी उणीव उपचारांच्या ठरीव दरांची. दर कमी आहेत आणि पैसे उशिरा मिळतात, अशी रुग्णालयचालकांची तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी आहे असे मला वाटत नाही. पण तिचा भार रात्री साडेदहाला खिडकीवर उभ्या असलेल्या पुतण्यावर टाकणे, ही पद्धत कोणत्याही कारणाने मान्य करता येत नाही. संलग्न रुग्णालयात रात्रीही आरोग्यमित्र हजर हवा.

स्टेंटच्या किमतीबद्दलही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटची किंमत ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये इतकी मर्यादित केली. त्याआधी औषधलेपित स्टेंट लाखाच्या वरही विकला जात होता. या एका निर्णयाने विमा असलेला, योजनेतला आणि दोन्ही नसलेला असा प्रत्येक रुग्ण वाचला. विमा वाढवून किंमत तशीच ठेवली तर हप्ते आणि कर वाढत राहतात, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता हप्त्यावरच्या करमाफीचे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहून विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर काढण्याची मागणी केली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कर परिषदेने वैयक्तिक जीवन व आरोग्य विमा करमुक्त केला आणि २२ सप्टेंबरपासून तो निर्णय लागू झाला. आजारपणाच्या भीतीवर कर नको, म्हणून या निर्णयाचे मी स्वागत करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये माझे नूतनीकरण आले तेव्हा करापोटी शून्य होते, पण मूळ हप्ता २४,००० चा २६,४०० झाला होता. आधीच्या वर्षीपेक्षा मी प्रत्यक्षात १,९२० रुपये कमी भरले. जुना कर राहिला असता तर ३१,१५२ भरावे लागले असते, म्हणून सवलत खरी आहे. ती मूळ दरवाढीत किती वर्षे टिकेल, हे कंपनी ठरवणार. ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवण्यापूर्वी कंपनीने नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. माझ्या ५१ वर्षांना त्याचा उपयोग नाही.

आरोग्य विम्यावरच्या या कराचे २०२३-२४ चे उत्पन्न सुमारे ८,२६२ कोटी रुपये होते आणि ते केंद्र व राज्ये मिळून वाटून घेत असत. त्यातली वैयक्तिक विम्यावरची रक्कम ज्यांना हप्ता परवडतो त्यांना सोडली गेली. तितकीच रक्कम ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांच्या गोळ्यांसाठी दिली जावी, अशी माझी मागणी आहे, आणि हप्ता भरणारा म्हणूनच ती करण्याचा मला अधिक अधिकार आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली कलम ८० ड ची, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची २५,००० रुपयांपर्यंतची वजावट ही फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत कर नाही, म्हणून मी नवी पद्धत घेतली आणि माझ्यासाठी ती वजावट संपली. हप्ता भरण्याचे कारण आता करबचत राहिलेले नाही, हे एका अर्थी बरे झाले. मार्चअखेर घाईने पॉलिसी घेणारे आणि माझ्यासारखे अट न वाचणारे लोक त्यामुळे कमी होतील.

खासगी पॉलिसी मी सोडलेली नाही. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या प्रकारात ती बदलून घेण्याचा अर्ज दिला आहे आणि रक्कम ५ लाख केली आहे, कारण योजनेत नसलेले उपचार आणि योजनेत नसलेली रुग्णालये यांची गरज पडू शकते. पण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी आज प्रथम अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी केली असती. ज्यांच्याकडे शेतीचे अनिश्चित उत्पन्न आहे आणि हप्त्यासाठी उचल घ्यावी लागते, त्यांनी आधी घरातल्या प्रत्येकाचे योजनेचे कार्ड काढावे आणि शिधापत्रिकेत नावे बरोबर आहेत का ते पाहावे. आमच्या आईचे वय ७४ आहे. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले सरकारी आरोग्य संरक्षणाचे वय वंदना कार्ड आम्ही तिच्यासाठी आधारवर काढले, त्यात उत्पन्नाची अट नाही.

त्या ९,००० रुपयांसाठी मी एका कागदावर तक्रार लिहिली, अण्णांपुढे ठेवली आणि डिझेलचे, फवारणीच्या औषधाचे हिशेब तोंडी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि सही केली. आरोग्यमित्राने ती पुढे पाठवली आणि रुग्णालयाने निघण्यापूर्वी पैसे परत दिले. घरी परतण्याचे एसटीचे भाडेही उपचारसंचात असते, असे आरोग्यमित्राने तेव्हा सांगितले, आणि ते मागण्यासाठी मात्र अण्णा स्वतः उठून खिडकीवर गेले.